कोल्हापुरात नवे आहात? शनिवार-रविवारी मित्रमैत्रिणींच्या गावी जाऊन यायचं कसं

बदली होऊन, लग्न होऊन किंवा नोकरी धरून कोल्हापुरात आलेल्या माणसाला शहर लवकर आवडतं. माणसं बोलकी आहेत, खाण्यापिण्याची चंगळ आहे. पण आपली जुनी माणसं दुसऱ्या गावांत असतात, ही खंत राहतेच. मी अमरावतीची. महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी जायचं तर सगळा दिवस-रात्र गाडीत जातो, त्यामुळे दोन दिवसांच्या सुट्टीत माहेर शक्य नाही. कॉलेजच्या मैत्रिणी मात्र पुणे, सांगली, बेळगाव, रत्नागिरी अशा पांगलेल्या आहेत आणि ही सगळी गावं इथून टप्प्यात आहेत. तरीही फोनवर "ये ना एकदा" आणि "येते गं" म्हणता म्हणता वर्ष सरतं, आणि एवढ्या जवळ राहून भेट होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मला उपयोगी पडलेली पद्धत एकच: आखणी रविवारच्या संध्याकाळपासून सुरू करून मागे यायचं. किती वाजता घरी पोचलं तर सोमवारी नीट कामावर जाता येईल, ते आधी ठरवायचं. मग परतीची गाडी, मग जाण्याची, आणि मधल्या वेळात काय करायचं ते सगळ्यात शेवटी. परतीचा प्रवास सुखाचा झाला तर पुढच्या महिन्यात पुन्हा निघावंसं वाटतं. सोमवारी पहाटे अंग मोडून परतलात की पुढचं बोलावणं आपोआप टळतं.

आधी तासांचा नकाशा

किलोमीटर बाजूला ठेवा. आपल्या दारापासून मैत्रिणीच्या दारापर्यंत किती तास लागतात ते कागदावर लिहा. रिक्षा, गाडीची वाट, उतरल्यावरची बस असं सगळं धरून.

सांगली-मिरज साधारण ५० किलोमीटर. हातकणंगले, जयसिंगपूरमार्गे एसटीने दीड तास, घरून घरी दोन धरा. बेळगाव ११० किलोमीटरच्या आसपास, कागल-निपाणी-संकेश्वरवरून अडीच-तीन तास. सातारा १२० किलोमीटर, तेवढाच वेळ. रत्नागिरी १३० किलोमीटर असली तरी मध्ये आंबा घाट आहे, म्हणून चार तास. पुणे २३० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर पाच तास, पण महामार्गाचं रुंदीकरण चालू असेल तिथे सहा धरलेले बरे. पणजीही सहाच्या घरात. मुंबई म्हणजे अख्खी रात्र.

यावरून माझे तीन गट पडले आहेत. दोन तासांच्या आतलं गाव रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परत, मुक्काम नको. तीन ते सहा तासांचं गाव शनिवारी सकाळी निघून रविवारी दुपारी परत, एक रात्र मुक्काम. मुंबई फक्त जोडून सुट्टी आली तर. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून बाकी शनिवारी काम असेल तर पुण्यासाठी तेच दोन शनिवार राखून ठेवा आणि सांगलीसारखी जवळची गावं इतर रविवारी घ्या.

आणखी एक, आणि हे मी आग्रहाने सांगते. सगळे शनिवार-रविवार बाहेर घालवू नका. महिन्यातले निदान दोन तरी कोल्हापुरात काढा. शेजारी, ऑफिसातली मंडळी, रंकाळ्यावर फिरताना रोज दिसणारे चेहरे यांच्याशी ओळख सुट्टीच्या दिवशीच वाढते. जुनी मैत्री जपण्याच्या नादात नव्या गावात परकं राहिलं, तर एकटेपणा सुटत नाही.

तारीख पक्की करणं

"पुढच्या महिन्यात बघू" याला तारीख म्हणत नाहीत. फोनवर गप्पा मारताना ठरवलेलंही टिकत नाही. मी एक लेखी निरोप पाठवते, साधारण असा:

"२२ तारखेला, शनिवारी, सकाळच्या गाडीने निघते, दुपारी दीड-दोनपर्यंत तुझ्याकडे. रविवारी दुपारी दोनच्या सुमारास परतीची गाडी. शनिवारी संध्याकाळचं जेवण बाहेर, ते माझ्याकडून. रविवारी सकाळी मी तुझ्या स्वयंपाकघरात. घरी कुणी पाहुणे, परीक्षा, आजारपण असेल तर मोकळेपणाने सांग, पुढची तारीख घेऊ."

यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे नको म्हणायला जिवावर येतं. सासू-सासरे आलेत, मुलाची सहामाही आहे, नवऱ्याची रात्रपाळी आहे, तरी मैत्रीण "ये की" म्हणते आणि मग दोन दिवस दोघींना अवघडल्यासारखं होतं. नाही म्हणायची वाट आपणच मोकळी करून दिली की खरं उत्तर मिळतं. निघायची वेळही आधीच कळवा. पाहुणा कधी जाणार हे माहीत असलं की यजमान निवांत असतो, आणि "अजून एक दिवस राहा" हा आग्रह मोडताना कुणाचं मन दुखत नाही.

तारीख ठरवताना पंचांग आणि पाऊस दोन्ही बघा. गणपतीत कोकणासाठी आणि आषाढीत पंढरपूरसाठी एसटीच्या गाड्या मोठ्या संख्येने जादा वाहतुकीला जातात, मग नेहमीच्या मार्गांवर ताटकळावं लागतं. दिवाळीच्या आठवड्यात खासगी गाड्यांचे दर परवडत नाहीत. बेळगावचं असेल तर १ नोव्हेंबर टाळा. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बस मध्येच बंद ठेवल्या जातात, तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी स्थानकावर चौकशी करूनच घर सोडा.

पुणे: आपल्याला उलट्या दिशेचा फायदा

नव्याने आलेल्यांचा सगळ्यात जास्त प्रवास याच वाटेवर होतो, म्हणून जरा सविस्तर.

शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी पुण्यातून लोक बाहेर पडतात. कुणी गावाकडे, कुणी महाबळेश्वरला. रविवारी संध्याकाळी तेच लोक परत पुण्याकडे येतात, आणि खंबाटकी घाटापासून खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत रांगा लागतात. आपण कोल्हापूरकर शनिवारी पुण्याकडे जातो आणि रविवारी पुण्याहून निघतो, म्हणजे या गर्दीच्या बरोबर उलटे. त्यामुळे साध्या आठवड्यात आपल्याला जागा मिळते, खासगी गाडीचं तिकीटही बेताचं असतं. फक्त रविवारी फार उशिरा निघू नका. दुपारी दोन-तीनला निघालं तर रात्री जेवायच्या वेळेला घरी पोचतो, आणि माझ्या मते हीच योग्य वेळ.

रेल्वेत या हिशेबाला चपखल बसते ती वंदे भारत. १६ सप्टेंबर २०२४ पासून ती कोल्हापूर-पुणे मार्गावर आठवड्यातून तीन दिवस धावू लागली. कोल्हापूरहून शनिवारी सकाळी आणि पुण्याहून रविवारी दुपारी अशी तिची फेरी आहे, वेळ सव्वापाच-साडेपाच तास. वार आणि वेळा बदलू शकतात, म्हणून तिकीट काढताना एकदा बघून घ्या. बसलेल्या जागी पाय मोकळे करता येतात, घाटात गाडी लागणाऱ्यांना त्रास नाही, आणि मिरज-कराड पट्ट्यातली उसाची शेतं खिडकीतून बघत वेळ छान जातो. भाडं एसटीपेक्षा जास्त आहे. रोजची गाडी हवी असेल तर कोयना एक्सप्रेस सकाळी निघते. ती मुंबईपर्यंत जाते, पुण्याला पोचायला वेळ घेते, पण स्वस्त आहे.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. वेटिंगवर भरवसा ठेवू नका. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पक्कं झालं नाही तर ते आपोआप रद्द होतं आणि ऐन वेळी धावपळ होते. तत्काळ आदल्या दिवशी मिळतं: वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. त्यासाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं, ते काम आजच करून ठेवा.

एसटीचा मोठा आधार म्हणजे संख्या. मध्यवर्ती बसस्थानकावरून स्वारगेटसाठी दिवसभर गाड्या सुटतात. विनावाहक गाडी मिळाली तर बघा, तिकीट फलाटावर घेऊन बसायचं आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्याचा वेळ वाचतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आई-वडील सोबत असतील तर ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. बेळगाव किंवा पणजीला जाताना हद्दीपलीकडचं पूर्ण भाडं द्यावं लागतं, म्हणून सुट्टे पैसे ठेवा.

खासगी गाडीने जात असाल तर मैत्रीण पुण्यात कुठे राहते हे बघून गाडी निवडा. एसटी कात्रजवरून स्वारगेटला जाते. मुंबईला जाणाऱ्या बऱ्याच खासगी गाड्या बाह्यवळणाने नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड असं जातात. मैत्रीण वाकडला आणि तुम्ही उतरलात स्वारगेटला, तर शहर ओलांडण्यातच दीड तास जातो. स्वारगेटला उतरावंच लागलं तर आता मेट्रो आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत आली, आणि पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्यांची मोठी सोय झाली. रेल्वेने पुणे स्टेशनला उतरलात तर वनाज-रामवाडी मार्गाचं स्थानक तिथेच आहे. कोथरूडची मैत्रीण असेल तर रिक्षाचा विचारही करू नका.

बाकीच्या दिशा

सांगलीसाठी आरक्षण वगैरे काही नको, स्थानकावर जाऊन बसायचं.

बेळगावसाठी आपली एसटी आणि कर्नाटकची बस दोन्ही मध्यवर्ती स्थानकावरूनच मिळतात, जी आधी सुटेल ती घ्या. रेल्वेने जायचं तर मिरजेवरून फिरून जावं लागतं. कोल्हापूर हे टोकाचं स्थानक आहे, दक्षिणेकडच्या गाड्या मिरजेवरून वळतात. या वळशात वेळ जातो, बेळगावला बसच बरी.

कोकणात उतरायचे घाट वेगवेगळे आहेत. रत्नागिरीला आंबा, वैभववाडी-कणकवलीकडे गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीवरून फोंडा, सावंतवाडी आणि गोव्याकडे आंबोली. पावसाळ्यात या वाटा देखण्या असतात हे खरं, पण धुकं इतकं दाट उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दहा हातांवर आल्यावर दिसतो. दरडी कोसळतात, एखादा घाट दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद असतो. तेव्हा जून ते सप्टेंबर कोकणात जायचं असेल तर अंधार पडायच्या आत घाट ओलांडला जाईल अशीच गाडी धरा, जातानाही आणि येतानाही. रविवारी रत्नागिरीहून सकाळचा नाश्ता करून निघायचं. जेवायला थांबायचा मोह होतो, मासे समोर असतात, तरीही.

मुंबईसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस. रात्री झोपायचं, सकाळी मुंबई.

पावसाळ्यात एकच आकडा लक्षात ठेवा

कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये सगळे पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी विचारतात. तुम्हीही विचारायला लागा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली. गावाला गेलेली माणसं तिकडेच अडकली, घरची इकडे.

माझा नियम असा: शुक्रवारी संध्याकाळी पाणी ३५ फुटांच्या वर असेल, चढतं असेल आणि धरणक्षेत्रात जोराचा पाऊस चालू असेल, तर तिकीट रद्द. मैत्रिणीला फोन करून सरळ सांगायचं. घरी लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर यात अजिबात ढिलाई नको. पाणी दोन दिवसांत उतरतंही, पण कधी चढतच राहतं, आणि ते शनिवारी सकाळी कुणालाच सांगता येत नाही.

पिशवीत काय न्यायचं

दोन दिवसांसाठी एक पाठीवरची पिशवी पुरते. दुसरी पिशवी कोल्हापूरची.

सगळ्यात खपणारी गोष्ट म्हणजे कांदा-लसूण मसाला. पण तो नेताना दोन पिशव्यांत घट्ट बांधा आणि मग डब्यात घाला, नाहीतर कपड्यांना आठवडाभर वास राहतो. घरगुती करणाऱ्या बायका इथे गल्लोगल्ली आहेत, ओळखीच्या घरून घ्या आणि तिखट किती ते विचारून घ्या. पुण्यातल्या लहान मुलांच्या घरी मध्यम तिखट न्या.

गूळ हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळा लागेपर्यंत, ताजा मिळतो. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. रसायन न घालता काढलेला गूळ गडद, तांबूस-तपकिरी असतो. अख्खी ढेप कुणाला नको असते, एक किलोचा लहान रवा, म्हणजे छोटी ढेप, पुरतो.

चप्पल न्यायची असेल तर नुसता नंबर विचारून भागत नाही, कारण कोल्हापुरीचं माप पायाच्या रुंदीवर आणि पंजाच्या उंचीवर अवलंबून असतं. मैत्रिणीला सांगा, संध्याकाळच्या वेळी कोऱ्या कागदावर उभं राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरव, अंगठ्याची जागा खुणेने दाखव, आणि कागदाशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठव. संध्याकाळी अशासाठी, की दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो आणि तेच खरं माप. तेवढ्यावरून पापाच्या तिकटीला कारागीर नेमकी जोडी काढून देतो. नवी चप्पल पहिले काही दिवस थोडा थोडा वेळ घालायची, हेही सांगून ठेवा.

रस्सा डब्यातून नेऊ नका. सहा तासांच्या प्रवासात तो टिकत नाही. त्यासाठी त्यांनाच इकडे बोलवा.

तिकडे गेल्यावर

शहर बघायला गेलेलो नाही, माणसाला भेटायला गेलो आहोत, हे मनात पक्कं असू द्या. शनिवारवाडा पुढच्या वेळीही असेल. मैत्रिणीच्या नेहमीच्या शनिवारात सामील व्हा: भाजी आणायला जाणं, मुलाला पोहायच्या वर्गाला सोडणं, गच्चीत बसणं. खऱ्या गप्पा भाजी निवडताना होतात. हॉटेलात चौघांच्या आवाजात होत नाहीत.

एका खेपेत एकच घर. पुण्यासारख्या शहरात आपली चार माणसं असतात आणि "आलीस आणि कळवलं नाहीस?" असा रुसवा येतो. तो टाळायला बाकीच्यांना आधीच कळवा: या वेळी अमुकीकडे उतरतेय, रविवारी सकाळी अमुक ठिकाणी चहाला तासभर आहे, जमलं तर या. जो येईल तो येईल, ज्याच्याकडे जाणं झालं नाही त्याला पुढची खेप. चार घरांत धावत फिरलात तर चौघांनाही तुमचं अर्धंच लक्ष मिळतं आणि दमणूक मात्र पूर्ण.

खर्चाचं आधी बोलून घ्या. घरी जेवण असेल तर दूध, फळं, मुलांसाठी काही आपण आणायचं. बाहेरचं एक जेवण आपलं. झोपायची गादी सकाळी स्वतः उचलायची, चहाचे कप विसळायचे. घरात कामाला येणाऱ्या ताई असतील तर त्यांना पाहुण्यांमुळे काम वाढतं, त्यांच्या हातावर निघताना काहीतरी ठेवा.

आणि त्यांना कोल्हापूरला बोलवा

दोन वेळा आपण गेलो की तिसऱ्या वेळी त्यांनी यावं. इथे मात्र सगळा हिशेब फिरतो. पुण्याची मैत्रीण शुक्रवारी रात्री येते आणि रविवारी संध्याकाळी परतते, म्हणजे ती ऐन गर्दीच्या दिशेने. तारीख ठरली की तिचं परतीचं तिकीट आधी काढायला लावा, शक्यतो रविवारी दुपारी बाराच्या आसपासचं. तिच्याकडे सोमवारी सकाळची मोकळीक असेल तर सोमवारी पहाटेची एसटी उत्तम, रस्ता मोकळा असतो आणि रविवार अख्खा हाती लागतो.

अंबाबाईचं दर्शन सकाळी लवकर उरका. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्रात रांग लांबते. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या शेवटी किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत पोचतात. तो दाखवायचा असेल तर संध्याकाळच्या गर्दीची तयारी ठेवा. जोतिबाला रविवारी आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत फार गर्दी असते, तेव्हा शनिवारी जा. पन्हाळा २० किलोमीटरवर आहे, अर्धा दिवस पुरतो. शनिवारी सकाळी मिसळ, दुपारी झोप, संध्याकाळी रंकाळा. रविवारी मटण घरी करायचं तर सकाळी लवकर दुकानात जा, साडेनऊनंतर रांग आणि मनासारखा तुकडा नाही. तांबडा, पांढरा, सुकं असं सगळं बाराला ताटात हवं असेल तर रस्सा आठलाच चुलीवर चढायला हवा. बाराची गाडी असेल तर मात्र मटण शनिवारी रात्री करा. जेवून लगेच सहा तास बसणं सोसत नाही.